स्विफ्टच्या डिक्कीत बेस बसवताना: आधी डबा, मग वूफर, मग अँप

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: पेट्रोल स्विफ्ट, कंपनीचाच टचस्क्रीन स्टेरिओ. कामासाठी रोज बेळगावला ये-जा, महिन्यातून एखादी चक्कर चोर्ला घाटातून गोव्याला. ऐकणं म्हणजे भजन, ढोल-ताशा, आणि मित्र बसले की डीजेची गाणी. बजेट २५ हजार. "मित्र म्हणतात १२ इंची डबल वूफर आणि ३००० वॅटचा अँप घे, डबा दुकानदार फुकट देतो. घेऊ का?"

घेऊ नका. तुम्हाला सगळं उलट्या क्रमानं सांगितलंय. आधी अँपच्या, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणाऱ्या अँप्लिफायरच्या, खोक्यावरचा आकडा, मग वूफरचे, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरचे, इंच, आणि डबा तर काय, फुकट! मी बेळगावात वीसेक वर्षं गाड्यांना साउंड बसवतोय. "आवाज येतोय खरं दम नाही" म्हणत जी गाडी दारात येऊन थांबते, तिच्यातला वूफर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याला मिळालेला डबा तेवढा चुकीचा असतो, आणि डबा चुकीचा म्हणून पोराने अँप वाढवलेला असतो, अँप वाढवला म्हणून आवाज फाटत असतो. पैसे तिन्हीकडे गेलेले.

डबा म्हणजे वूफर ठेवायची पेटी नव्हे. तो त्या वाद्याचा अर्धा भाग आहे. कोन, म्हणजे वूफरचा पुढं-मागं हलणारा पडदा, पुढं आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ही मागची लाट वळसा घालून पुढच्या लाटेला भेटली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. विश्वास बसत नसेल तर कधीतरी वूफर नुसता हातात धरून हळू आवाजात वाजवून बघा. गाणं ओळखू येतं, बेसचा पत्ता नसतो. डबा ती मागची लाट कोंडतो, आणि कोंडलेली हवा कोनाला स्प्रिंगसारखी धरून ठेवते. स्प्रिंग किती कडक हे डबा किती लिटरचा यावर ठरतं. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर तारांच्या आधी भोपळा बघतात, तसंच हे. फरक एवढाच की तंबोऱ्याचा भोपळा थरथरला पाहिजे आणि वूफरचा डबा अजिबात थरथरता कामा नये. वाजवताना डब्यावर तळहात ठेवला आणि लाकूड गुदगुल्या करायला लागलं, तर तेवढा तुमचा बेस लाकडात गेला.

म्हणून पहिला प्रश्न मी गिऱ्हाइकाला विचारतो तो वॅटचा नसतो. डिक्कीतली किती जागा द्यायला तयार आहात? स्विफ्टची डिक्की साधारण २६५ लिटरची. ऐकायला भरपूर वाटतं. गोव्याहून येताना दोन बॅगा, एक काजूची पिशवी आणि कोणाच्या तरी घरचा फणस ठेवला की संपते. शिवाय खाली स्टेपनी आहे. घाटात पंक्चर झाल्यावर भर पावसात डबा उचलून, वायरी सोडून स्टेपनी काढायची म्हणजे काय ते एकदा केलेल्याला विचारा. मी तुमच्या गाडीत डब्यासाठी बाहेरून ४० ते ४५ लिटरच्या वर जागा घेणार नाही. गाडीला सीएनजीची टाकी असती तर हा मुद्दाच संपला असता. मग ८ इंची, सीटखालचा, अँप आतच असलेला चपटा सबवूफर घ्या म्हटलं असतं. त्याचा दणका छातीत बसत नाही, पण गाणं भरल्यासारखं वाटतं.

आता सीलबंद डबा की पोर्टचा, हा भाग नीट समजून घ्या, कारण इथंच दुकानात सगळ्यात जास्त थापा चालतात.

गाडी हाच एक मोठा डबा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ६० हर्ट्झची एक लाट ५.७ मीटर लांब. हॅचबॅकमध्ये डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत अडीच-पावणेतीन मीटर मिळतात, म्हणजे साधारण अर्धी लाट. त्याच्या खालच्या सुरांना गाडीत पसरायला जागाच उरत नाही. मग आतली सगळी हवा एकदम दाबली जाते, एकदम सुटते, आणि जितका सूर खाली जाईल तितका आवाज वाढत जातो. कागदावर ही वाढ एका सप्तकाला १२ डेसिबल भरते. दारं, रबर, काचा थोडं गळतात, पत्रा थोडा लवतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. सीलबंद डब्याचा स्वभाव नेमका याच्या उलट: एका ठरावीक सुराच्या खाली त्याचा आवाज सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. एक उतरतो तिथं दुसरा चढतो. घरात फिका वाटणारा लहानसा सीलबंद डबा गाडीत बसवला की खालपर्यंत भरतो, त्याचं कारण हे.

पोर्टच्या डब्याला बोगदा असतो. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जसा एकच सूर घुमतो, तसा हा डबा ठरवलेल्या सुराजवळ, म्हणजे बहुधा ३२ ते ३८ हर्ट्झला, जोर देतो. तेवढ्याच वॅटमध्ये आवाज जास्त, हे खरं आहे. पण त्याला सीलबंदपेक्षा दीड-दोन पट लिटर लागतात. बोगदा अरुंद झाला तर त्यातून फस्स-फस्स अशी हवा ऐकू येते. आणि बोगद्याच्या सुराच्या खाली कोनाला मागून धरणारं काही उरत नाही. कोन मोकाट सुटतो, त्याच्या मागची तारेची कॉइल खाली आपटते. म्हणून पोर्टच्या डब्याबरोबर अँपमध्ये सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर कापणारी सोय, असलाच पाहिजे, आणि तो बोगद्याच्या सुराच्या थोडा खाली लावलेला पाहिजे. फुकटच्या डब्यात बोगद्याचं माप कुठल्या वूफरसाठी काढलंय हे दुकानदाराला विचारा. उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

बैलहोंगलकडचे एक गृहस्थ बोलेरो घेऊन आले होते. हट्ट मोठ्या पोर्टच्या डब्याचा. जागा होती, पैसे होते, करून दिला. बसवून झाल्यावर मी शेजारी बसलो आणि आम्ही एक फेरी मारून आलो. दहा मिनिटं झाली नसतील, स्वतःच आवाज कमी करत म्हणाले, "साक री!" पुरे झालं म्हणे. पुढच्या महिन्यात आले तेव्हा बेसची मुठी चौथ्या हिश्श्यावर होती. डबा वाईट नव्हता. रोज ऐकायला तेवढा लागत नाही, इतकंच.

तुमचं ऐकणं बघितलं तर भजनातला पखवाज आणि तबल्याचा डग्गा ही खरी परीक्षा. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा सूर खालून वर चढतो. ती मींड सलग ऐकू आली, मधे एखादाच सूर फुगून "घुम्म" झाला नाही, तर डबा बरोबर आहे. पोर्टचा डबा घाईत केला तर नेमका तो एक सूर फुगतो आणि प्रत्येक थाप सारखीच वाटायला लागते. ढोलाचंही तसंच: टिपरू कातड्यावर पडल्याचा आवाज समोरच्या दारातून यायचा, आणि मागचा धक्का डिक्कीतून. दोन्ही एकाच वेळी आले पाहिजेत. डीजेच्या गाण्यांना पोर्ट बरा वाटतो हे मान्य, पण ती तुम्ही मित्र असताना ऐकता. रोजच्या तासाभराच्या वाटेवर तुम्ही एकटे आणि भजन असतं. तुमच्यासाठी सीलबंद डबा, एक १० इंची वूफर. माझ्या मनात शंका नाही.

१२ इंची का नको? १२ इंचीचा कोन १० इंचीच्या जवळजवळ दीडपट क्षेत्रफळाचा असतो, हवा जास्त ढकलतो, मोठ्या आवाजात आरामात चालतो. "बारा इंची संथ असतो, दहा इंची चपळ" असं जे म्हणतात ते अर्धवट आहे. १२ इंचीला १० इंचीच्या मापाच्या डब्यात कोंबला की तो बसका, घुमणारा होतो, आणि लोक दोष इंचाला देतात. तुमच्या ४० लिटरमध्ये १० इंची मोकळा श्वास घेतो. एवढंच कारण.

वूफर निवडताना खोक्याच्या समोरची बाजू बघू नका, आतली घडीची पत्रिका मागा. तिच्यावर एफएस (वूफरचा स्वतःचा सूर), क्यूटीएस (तो सूर किती आवरलेला), व्हास (कोनाइतकाच लवचिक असणारा हवेचा साठा, लिटरमध्ये), एक्समॅक्स (कोन किती पुढं-मागं जाऊ शकतो) असे आकडे असतात. थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने ते ओळखले जातात. थील ऑस्ट्रेलियातले अभियंता, त्यांचं काम १९६१ चं. स्मॉल यांनी ते १९७० च्या दशकात पुढं नेलं. तेव्हापासून डबा अंदाजाने करायचं कारण राहिलेलं नाही. ज्या वूफरबरोबर ही पत्रिकाच नाही, तो मी घेत नाही, मग मागं चुंबक कितीही जाडजूड दिसो. रबराचं टोपण काढलं की आत चुंबक बारका निघालेला मी पाहिलाय.

एक उदाहरण करून दाखवतो. समजा एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५०, व्हास २८ लिटर. वूफर आणि डबा मिळून जो क्यू होतो तो सीलबंदमध्ये ०.७ च्या आसपास असला की आवाज सपाट आणि आवरलेला. सूत्र असं: व्हासला डब्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा, त्याला क्यूटीएसने गुणा. डबा २८ लिटरचा घेतला तर २८ भागिले २८ म्हणजे १, अधिक १ म्हणजे २, वर्गमूळ १.४१, गुणिले ०.५० म्हणजे ०.७१. जमलं. त्याच १.४१ ने एफएसला गुणलं की ४२ हर्ट्झ, तिथून डब्याचा उतार सुरू होतो आणि गाडी त्याला उचलून धरते. २८ लिटर म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेत एक घनफूट.

हा हिशोब सुताराला सांगताना मात्र जपा. मी एकदा शहापूरच्या एका सुताराला "२८ लिटर" म्हणून सांगितलं. भला माणूस, कपाटं अशी करतो की दारात पोस्टकार्ड जाणार नाही. त्याने ३६ बाय ३० बाय २६ सेंटिमीटरचा डबा आणून ठेवला. गुणाकार करा, बरोबर २८ लिटर भरतो. पण बाहेरून! १८ मिलिमीटरची फळी सगळीकडून वजा केली तर आत १९ उरतात. वूफरचं चुंबक-टोपली आणि आतला आडवा टेकू यांनी तीनेक लिटर खाल्ले की राहिले १६. क्यू ०.७१ चा ०.८३ झाला, उतार ४२ ऐवजी ५० हर्ट्झला. ऐकताना डग्गा फुगल्यासारखा वाटायला लागला. चूक त्याची नव्हती, "आतून" हा शब्द मी सांगितला नव्हता. तेव्हापासून मी लिटर सांगतच नाही, बाहेरची मापं लिहून देतो: ४२ बाय ३४ बाय ३०. आत ३०.८ लिटर, वजावट होऊन २८.

फळीचं बोलायचं तर १८ मिलिमीटर एमडीएफ आवाजाला उत्तम. जड, एकजीव, कापायला सोपा. पुण्या-बंगळूरचे लोक डोळे झाकून वापरतात. आपल्याकडे पाऊस वेगळा आहे. माझीच गोष्ट: जूनच्या तोंडावर जांबोटीकडच्या एका गाडीत एमडीएफचा देखणा डबा बसवून दिला. ऑगस्टमध्ये गाडी परत. मागच्या दिव्याच्या रबरातून पाणी झिरपून डिक्कीच्या कार्पेटखाली साचलं होतं, आणि डब्याचा तळ चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगला होता. वूफर वाचला, डबा फेकला, पैसे मी घेतले नाहीत. त्यानंतर खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या गाडीला मी मरीन प्लायच वापरतो, फळीवर आयएस ७१० चा शिक्का बघून. महाग पडतो, थोडा हलका आहे, म्हणून आत एक आडवा टेकू जास्त देतो. सांध्यांना भरपूर फेविकॉल, स्क्रू, आणि आतून सगळ्या कोपऱ्यांना सिलिकॉन. सिलिकॉन लावल्यावर एक दिवस थांबा, त्याच्या ओल्या वाफा वूफरच्या गोंदाला चांगल्या नाहीत. डबा बंद झाल्यावर पेटती उदबत्ती सांध्यांजवळून हळू फिरवायची आणि दुसऱ्या माणसाने कोन हलक्या हाताने दाबायचा. धूर थरारला तिथं गळती. दाबलेला कोन सावकाश वर आला तर डबा पक्का.

डबा जमिनीला पट्टीने बांधा. डिक्की रिकामी असली की चोर्ला घाटात तो सरकतो, आणि अपघातात पंधरा किलोची वस्तू सीटच्या पाठीवर काय करेल ते सांगायला नको. वूफरचं तोंड मागच्या दाराकडं ठेवून बघा, मधे वीतभर जागा सोडून. हॅचबॅकमध्ये बहुधा तसाच बेस जास्त भरतो. सीटकडं तोंड करूनही एकदा ऐका, जे कानाला पटेल ते.

आता अँप. ३००० वॅट! अँपवर एक गोष्ट खोटं बोलत नाही, ती म्हणजे त्याचा फ्यूज. इंजिन चालू असताना गाडीत १३.८ व्होल्टच्या आसपास असतात. फ्यूज ३० अँपिअरचा असेल तर आत जाणारी ताकद ३० गुणिले १३.८, म्हणजे ४१४ वॅट. क्लास एबी अँप त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग स्पीकरला देतो, बाकी उष्णता. म्हणजे फार तर अडीचशे. क्लास डी असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास देतो, म्हणजे ३३०. मग ३००० आले कुठून? छापखान्यातून. तुम्ही फक्त "आरएमएस", म्हणजे अँप सलग देऊ शकतो ती ताकद, हा शब्द शोधा, आणि त्याच्यासमोर किती ओहमला ते. तो आकडा आणि फ्यूज यांचा मेळ बसला तर कंपनी प्रामाणिक.

तुम्हाला ३०० वॅट आरएमएसचा मोनो क्लास डी अँप पुरून उरेल. दुप्पट ताकदीने फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळेल इतके. म्हणून ३०० चे ६०० करण्यासाठी पैसे घालवण्यापेक्षा डबा नीट करा, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

"डबल वूफर" म्हणजे तुमच्या मित्राच्या मनात डबल कॉइल असावं. एकाच वूफरला दोन कॉइल. त्याने आवाज वाढत नाही, जोडणीची सोय वाढते. दोन्ही कॉइल ४ ओहमच्या असतील तर समांतर जोडून २ ओहम मिळतात, एकामागे एक जोडून ८. दोन्ही २ ओहमच्या असतील तर १ किंवा ४. अँपच्या मागं बघायचं तो किती ओहमपर्यंत तग धरतो. २ ओहमपर्यंतच्या अँपला १ ओहम दिला की एक तर तो स्वतःला बंद करून घेतो, नाही तर जळतो. तुमच्यासाठी ४-४ ओहमचा डबल कॉइल, समांतर जोडून २ ओहम, आणि २ ओहमला ३०० आरएमएस देणारा अँप. वूफरचा आरएमएसही ३०० च्या जवळपास असू दे. थोडा वर-खाली चालतो.

वायरीत कंजुषी करू नका. ३०० वॅटसाठी क्लास डी अँप जोरात असताना सुमारे २७ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाचेक मीटर वायर जाते. ८ गेजचं शुद्ध तांबं असेल तर वाटेत पाव व्होल्टच्या थोडं वर पडतं, ठीक आहे. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, त्यात दीडपट पडतं, आणि लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीच्या, आत ते सैल होऊन तापतं. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. बाहेरून पांढरी आणि आतून लाल असेल तर कथिलाचा हात दिलेलं तांबं, ते उलट आपल्या दमट हवेला चांगलं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दीड वीत अंतरात, ४० अँपिअरचा. तो अँपसाठी नसतो, वायरीसाठी असतो. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्यावर घासून वायर सोलली गेली तर गाडी वाचवणारा तो एकटाच. छिद्राला रबराची बुशी घालायची.

अर्थची वायर आखूड, हातभर पुरे, तेवढ्याच जाडीची. पत्र्याचा रंग चकचकीत होईपर्यंत खरवडा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस किंवा रंग, नाहीतर एका पावसाळ्यात गंज. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका. मोठा आणि हाताशी असतो म्हणून बरेच जण वापरतात, पण तो जीव वाचवण्यासाठी आहे, अर्थसाठी नाही. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा छोटा डबा असतो. अर्थ थेट त्या टोकाला जोडला की गाडीचा हिशोब चुकतो. बॉडीलाच जोडा. सिग्नलची वायर गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी किर्र ऐकू आली तर बहुतेक वेळा दोष अर्थचा असतो, अँपचा नव्हे.

बॉनेटखाली किंवा डिक्कीत चमकणारा निळ्या आकड्यांचा "एक फॅरडचा कॅपॅसिटर" कोणी देऊ केला तर हसून नाही म्हणा. १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत त्याच्यातून २६ ज्यूल मिळतात. तुमचा अँप जोरात असताना सेकंदाला पावणेचारशे ज्यूल खातो. म्हणजे सेकंदाचा चौदावा भाग. तेवढ्या पैशात पुढच्या दोन दारांना आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारा थर, येतं, आणि ते खरं कामाचं. निपाणीकडच्या हायवेवर नव्वदच्या वेगाला टायरचा आवाज सगळा खालच्या सुरांत असतो, तो बेसलाच गिळतो. दारं शांत झाली की बेस आपोआप वर येतो.

तुमचा स्टेरिओ कंपनीचा, त्याला सबवूफरचं आउटपुट बहुधा नसणार. स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारा, हाय-लेव्हल इनपुटचा अँप घ्या. वायरिंग कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो, तो मधे बसवायचा. वॉरंटीचा वाद नको. आणि एक लक्षात घ्या: कंपनीचे काही स्टेरिओ आवाज वाढला की बेस गुपचूप कापतात, दारातले छोटे स्पीकर वाचावेत म्हणून. तसं असेल तर सिग्नल सावरणारा प्रोसेसर लागतो, पण आधी ऐकून बघा, मग खर्च करा.

अँपवरचा गेन म्हणजे आवाजाची मुठी नव्हे, तो स्टेरिओचा सिग्नल आणि अँप यांचा मेळ बसवायला असतो. मल्टिमीटर आणा. वूफरची वायर अँपमधून काढा. बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा टोन घ्या. आपला साधा मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीच बनलेला असतो, म्हणून तोच टोन. स्टेरिओ तीन चतुर्थांश आवाजावर. आता ३०० वॅट गुणिले २ ओहम म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ २४.५. अँपच्या आउटपुटवर एसी २४.५ व्होल्ट दिसेपर्यंत गेन फिरवा, आणि थांबा. मग वूफर जोडा. लो-पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झवर. शेवटी पुढच्या सीटवर बसून दुसऱ्याला वूफरच्या दोन वायरी उलटसुलट करायला सांगा. ज्या जोडणीत ड्रायव्हरच्या कानाला बेस भरल्यासारखा वाटतो, ती बरोबर.

पैशांची वाटणी मी अशी करेन: वूफरला सात-आठ हजार, अँपला आठ-नऊ, मरीन प्लायचा डबा तीन, वायर-फ्यूज-लग तीन, आणि उरलेले दारांच्या डॅम्पिंगला. कंपनी कुठलीही नावाजलेली चालेल, पत्रिका आणि बिल दोन्ही मिळालं पाहिजे.

गाडी बंद करून तासन् तास वाजवू नका, पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी ३५-४५ अँपिअर-अवरची असते, सकाळी ढकलायला मित्र लागतील. गल्लीत रात्री दहानंतर तर नकोच. २००० सालच्या ध्वनी नियमांत वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि बेस काच-पत्र्यातून बाहेर पडतोच.

बसवून महिना झाला की बॅटरीवरचा लग, अर्थचा बोल्ट आणि वूफरचे स्क्रू एकदा आवळून घ्या, घाटातल्या रस्त्याने ते सैल होतातच. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर डिक्कीचं कार्पेट उचलून खाली हात फिरवा. ओल लागली तर आधी दिव्याचं रबर बदला, मग गाणं लावा.